तांब्याची मोरी

दोस्तहो, या अंकासाठी माझ्याकडे कविता मागितली होती. देत नाही. तांब्यावर लिहितो. धातूवर. त्यातही भांडी घासायच्या मोरीवर. तिला आता सिंक म्हणतात, आणि ती तांब्याची, हातानं ठोकलेली, बंगलेवाल्यांच्या स्वयंपाकघरात बसते. तुम्ही म्हणाल, चळवळ सोडून हा मोरीत कुठं शिरला? सांगतो. आपल्या वस्तीतला एक गडी दोन वर्षं झाली, पत्र्याच्या शेडमध्ये हीच मोरी ठोकतो आहे. त्याचा ठोका सुरू झाला तसा माझ्या डोक्यातही एक सुरू झाला, की हे तांबं आजवर होतं कुणाकडे? मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. शाळा दहावीपर्यंत. बाकीचं वाचन पाळी सुटल्यावर, लायब्ररीच्या बाकड्यावर. पंडितांना यात काही खटकलं तर त्यांनी खुशाल लिहावं. पण आधी वाचावं.

इतिहासाच्या पुस्तकात तांबं दोन जागी भेटतं. एक मातीत. १९७४ साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात दायमाबादला एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाच्या बुडाशी खणताना हत्ती, गेंडा, रेडा आणि रथ सापडले. भरीव, साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीचे. कुणी ओतले, त्याचं नाव नाही. ज्यानं ओतलं त्याचं नाव नसणं ही या देशाची जुनी रीत आहे. दुसरी जागा म्हणजे ताम्रपट. राजा ब्राह्मणाला गाव दान द्यायचा आणि ते दान तांब्याच्या पत्र्यावर कोरायचा. चंद्रसूर्य आहेत तोवर हे गाव तुझं. भूर्जपत्र कुजतं, कापड जळतं, तांबं टिकतं. म्हणजे जमीन कुणाची हे लिहून ठेवायला तांबं होतं. आमचे बावन्न हक्क बेदरच्या बादशहानं दिले असं म्हातारे सांगतात. आमच्या घरात त्याचा पट कुणी पाहिलेला नाही. तोंडातून तोंडात आलं, आणि हक्क कसले, मेलेलं ढोर ओढायचे आणि वेशीवर उभं राहायचे.

आता स्वयंपाकघरात या. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तांबं, लोखंड, कासं, पितळ, कथील, शिसं यांची शुद्धी कशी करायची ते सांगितलं आहे. क्षार, आंबट आणि पाणी. म्हणजे तुमची-आमची राख आणि चिंच. दहाव्या अध्यायात चांडाळानं गावाबाहेर राहावं, फुटक्या भांड्यात जेवावं, लोखंडाचे दागिने घालावेत, असं लिहिलं आहे. हे दोन अध्याय शेजारीशेजारी ठेवून वाचा. विटाळलेलं तांबं चिंचेनं पाक होतं. विटाळलेला माणूस कशानं पाक होतो याचा त्यात पत्ता नाही. मातीचं मडकं विटाळलं की फोडायचं, तांब्याचा हंडा विटाळला की घासायचा. सोवळ्यातल्या माणसाला तांबं का प्यारं, ते इथं कळतं. हा धातू त्याचा धर्म परवडण्याजोगा करतो.

माझी आजी सांगते, तांब्याचा तांब्या तिला पहिली कितीतरी वर्षं फक्त खालून माहीत होता. ही खाली बसायची, ओंजळ तोंडाला लावायची, वरून धार यायची. दिसायचं ते तांब्याचं बूड. "कड कशी असते लेकरा, ते मला लग्नानंतर शहरात आल्यावर कळलं," म्हणते. आजीला मनुस्मृती ठाऊक नव्हती. तिला बूड ठाऊक होतं.

बरं, चिंचेनं सगळं शुद्ध होत असेल तर आपल्या घरात तांब्या-पितळेचं भांडं असलं म्हणून कुणाच्या बापाचं काय जात होतं? इथं शुद्धीचं सोंग गळून पडतं. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू गावची हकीगत दिली आहे. नोव्हेंबर १९३५. आपल्यातल्या जरा बऱ्या घरच्या बायका पाण्याला जाताना धातूची भांडी नेऊ लागल्या. गावाला तो आपला अपमान वाटला, आणि त्यांना मारहाण झाली. नीट बघा, त्यांनी कुणाच्या हंड्याला हात लावला नव्हता. भांडं त्यांचं, पैसा त्यांचा, डोकं त्यांचं. गुन्हा एवढाच की मडक्याच्या जागी धातू चमकला. तेव्हा धातू ही पायरी होती. कुणी कुठल्या धातूत पाणी भरायचं, यावरून वाटेनं येणारी बाई कोण ते लांबून ओळखू यावं, अशी व्यवस्था.

पुण्याचं घ्या. बाबासाहेबांनी त्याच पुस्तकात पेशवाईतल्या पुण्याचं सांगितलं आहे, की अस्पृश्याच्या गळ्यात मडकं, थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून, आणि कमरेला झाडू. आणि त्याच पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी. पेशव्यांच्या काळात कोकणातून आलेल्या तांबटांची वसाहत. वाड्यांना हंडे, घंगाळी, पराती पुरवणारी. एका शहरात एका बाजूला तांब्यावर हातोडी पडते आहे आणि दुसऱ्या बाजूला गळ्यातलं मडकं हलतं आहे. शनिवारवाड्याचं वर्णन करणारे या दोन भांड्यांविषयी एका वाक्यात लिहीत नाहीत. पुढं १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तोही त्याच पुण्यात.

मग महाड. २० मार्च १९२७. चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्यानंतर तळं शुद्ध केलं ते कशानं, तर १०८ मडकी. शेण, गोमूत्र, दूध, दही. मला नेहमी गंमत वाटते, तळ्याला चिंच लावता येत नाही म्हणून ही दगदग. हायकोर्टाचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. आणि शाळेतल्या नळाची गोष्ट तर तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. शिपायानं नळ सोडला तर पाणी, शिपाई नाही तर पाणी नाही. लहानग्या भीमरावाला तहान होती, नळ समोर होता. नळ, घडा, मोरी, पिंप, ज्या ज्या वस्तूला पाणी लागतं तिच्यावर जात बसलेली आहे. म्हणून म्हणतो, आपला माणूस सिंक बनवतो ही बारकी गोष्ट नाही.

पण तांबटाविषयी आधी चार शब्द, नाहीतर अन्याय होईल. आपल्यातले काही दोस्त सगळ्या सवर्णांना एकाच लाठीनं हाणतात. तांबट कुणी वाड्याचा मालक नव्हता. तोही हातावर पोट असलेला. धूर पोटात, हातावर डागण्या. आळीतून एकदा दुपारी चालून या. ठोका कानात नाही, दातात वाजतो. दिवसभर तिथं बसणाऱ्याचे कान किती वर्षं राहतील? आमच्या गिरणीतही तेच, रिंग खात्यात आम्ही हाताच्या खुणांनी बोलतो. तांबट आणि गिरणीवाला दोघेही ओरडून बोलतात, घरीसुद्धा. बायका वैतागतात.

त्याचं काम कसं चालतं ते सांगतो, कारण हे कुणी आपल्याला कधी शिकवलं नाही आणि शिकवणार नव्हतं. तांबं हा मऊ धातू, पण ठोकलं की ताठ होतं. ठोकत गेलात की ताठत ताठत जातं आणि मग चिरतं. चिरायच्या आत ते भट्टीत घालून मंद लाल होईतो तापवायचं. मग पाण्यात बुडवायचं. लोखंड तापवून पाण्यात घातलं तर कडक होतं, तांबं मात्र नरमच राहतं. पुन्हा ठोकायचं, पुन्हा तापवायचं. आकार आला की शेवटी मठारायचं. मठारणं म्हणजे ऐरणीवर धरून घोटीव तोंडाच्या हातोडीनं एकाशेजारी एक, एकाच जोराचा ठोका, ओळीनं. त्यानं पृष्ठ भरीव होतं, भांडं कडक होतं आणि अंगावर ते बारीक चमकते पैलू उठतात. पाहणाऱ्याला वाटतं नक्षी आहे. ती नक्षी नाही, ताकद आहे. पत्रा पातळ वापरूनही हंडा चेपू नये म्हणून केलेली युक्ती. एक ठोका चुकला तर तिथं खड्डा दिसतो आणि तो पुसता येत नाही.

आतून कल्हई लागते, कारण तांब्या-पितळेत आंबट कळकतं. ताक कळकलं की पोटात कालवतं. कल्हईवाले आपल्याकडे बरेचसे मुसलमान. भाता, नवसागर, कथील, कापसाचा बोळा. कथील २३२ अंशाला वितळतं, भांडं तेवढंच तापवायचं, जास्त नाही. म्हणजे बघा, एका हंड्यात किती जण आहेत. खाणीतला आदिवासी, तांबट, कल्हईवाला मुसलमान, घासणारी बाई. आणि पाणी पिणारा यातल्या कितीजणांच्या हातचं पाणी पिणार होता?

खाणीचं राहून जातं, म्हणून इथंच सांगतो. आपल्या देशातलं तांबं सिंहभूमच्या, खेतडीच्या आणि बालाघाट जिल्ह्यातल्या मलाजखंडच्या खाणीतून येतं. घाटशिळेची कंपनी इंग्रजांची होती, १९७२ मध्ये सरकारनं घेतली. सिंहभूम काय, बालाघाट काय, दोन्ही आदिवासी मुलूख. देशी तांबं पुरत नाही, बाहेरून माल आणून इथं गाळतात. आणि गाळण्याची किंमत कोण देतो? स्टरलाइटचा कारखाना आधी आपल्या रत्नागिरीत यायचा होता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लोकांनी विरोध केला आणि तो तिथून हलला. मग तमिळनाडूत तुतीकोरिनला गेला. तिथं २०१८ च्या मे महिन्यात कारखान्याविरुद्ध मोर्चा निघाला, पोलिसांच्या गोळीबारात १३ माणसं मेली आणि कारखाना बंद झाला. तांब्याचा हंडा उजळ दिसतो तेव्हा हे १३ जण त्यात दिसत नाहीत.

तांबटाचा धंदा बसला तो असा. आधी बाहेरून यंत्रात लाटलेला पत्रा आला, मग अ‍ॅल्युमिनिअम आलं, मग स्टेनलेस स्टील. गॅसवरचा गिझर आला आणि न्हाणीतला बंब गेला. लोकांनी हंडे मोडीत घातले आणि स्टीलचे डबे घेतले. इथं मी एक उलटं बोलणार आहे, ऐकून घ्या. वारसावाले स्टीलच्या नावानं रडतात. मी रडत नाही. स्टील आलं तेव्हा आमच्या घरात पहिल्यांदा चकचकीत भांडं आलं. स्टीलला गावात जुनी जात नव्हती. त्याच्याविषयी कुठल्या अध्यायात काही लिहिलेलं नव्हतं. आजीनं स्टीलच्या पेल्यावर नाव कोरून घेतलं, आजोबांचं, आडनावासकट. तो पेला अजून आहे. कलेचा ऱ्हास झाला असं म्हणताना कुणाच्या घरातून झाला, तेही विचारावं.

आता त्याच ऱ्हास झालेल्या कलेला नवे दिवस आले आहेत. २०१४ साली पंजाबातल्या जंडियाला गुरूच्या ठठेऱ्यांची पितळ-तांब्याची भांडी घडवायची कला युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली. पुण्याच्या तांबट आळीतही शिकलेली, आखणी करणारी माणसं पोचली. मठारकामाचे दिवे, ट्रे, फुलदाण्या झाल्या. चांगलं आहे. कारागिराला चार पैसे मिळाले तर आनंद आहे. फक्त वारसा या शब्दानं माझ्या अंगावर काटा येतो. वारसा म्हणजे बापाकडून मुलाकडे. या देशात हुन्नर बापाकडून मुलाकडे गेला म्हणूनच तो दुसऱ्या कुणाकडे गेला नाही. बाबासाहेब जातीला कामाची वाटणी म्हणायला तयार नव्हते, ती काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे असं ते सांगत. तांबटाचा मुलगा तांबट. आणि मेलेल्या ढोराचं कातडं काढायचं हुन्नर काय कमी होतं? त्याला नाही कुणी यादीत घातलं.

आमच्या गिरण्यांचा इतिहास याच वळणाचा आहे. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला विणाई खात्यात घेत नसत. का? धोट्यात नवी कांडी भरली की धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. आपल्या माणसानं तोंड लावलेल्या धोट्याला दुसऱ्यानं तोंड कसं लावायचं? विणाईत पगार जास्त. म्हणून आपण रिंगमध्ये. १९२८-२९ च्या संपांच्या वेळी बाबासाहेबांनी हा मुद्दा जोरात मांडला, कामगार एकजुटीच्या बाता मारणाऱ्यांसमोर. थुंकीची भीती हंड्यापासून धोट्यापर्यंत एकच. यंत्र विलायतेहून आलं, विटाळ इथला जोडला. आज धोटेच गेले, माग बदलले, आणि मी अजून रिंग खात्यात आहे. हा योगायोग असेलही.

तर आता आपला गडी. पुण्याकडं एका धातूच्या कारखान्यात तो सात वर्षं पॉलिशला होता. पॉलिशचं काम म्हणजे नाकातोंडात काळी भुकटी. तिथं तांब्याची सिंकं बनत, आणि हा बघत बसायचा. ठोकायला बसणारे वेगळे, घासायला बसणारे वेगळे. कुणी नियम लिहिलेला नव्हता. एकदा यानं हातोडी उचलली तर मुकादम हसून म्हणाला, "अरे, ते रक्तात लागतं." हा म्हणतो, रक्तात काय लागतं ते बघू म्हणून मी रोज जेवणाच्या सुट्टीत तुकड्यावर ठोकत बसलो. दीड वर्षात एकसारखा ठोका बसला. गावी येऊन भाड्यानं शेड घेतली.

मी विचारलं, सिंकच का? हंडे कर, कळश्या कर, लग्नात खपतील. तो म्हणाला, "हंडा माझ्याकडून कोण घेईल? घेणारा देव्हाऱ्यात ठेवणार. आधी आडनाव विचारेल. सिंक घेणारा आर्किटेक्ट असतो. तो माप विचारतो." मला हे उत्तर एखाद्या व्याख्यानापेक्षा मोठं वाटलं. तांब्याचा तांब्या पूजेत बसतो, तिथं जात शिरते. मोरीत देव नाही. जिथं खरकटं टाकतात तिथं आमच्या हातचं तांबं चालतं. यात कडू काय आणि गोड काय, ते मी दोन वर्षं ठरवतो आहे.

त्याचा हिशोब सांगतो, धंदा करायचा विचार असणाऱ्यांनी लिहून घ्या. सिंक २४ इंच लांब, १८ रुंद, ८ खोल. पत्रा दीड मिलिमीटर. त्यात तांबंच दहा किलोच्या आसपास जातं, कापताना उरलेले तुकडे वेगळे. ते तुकडे जपायचे, त्यांचाही भाव आहे. कोपरे कापून वळवायचे, जोड वेल्डिंगनं भरायचे, जोड घासून दिसेनासा करायचा, मग आख्खं मठारायचं. तळ किंचित उतरता ठेवायचा, नाहीतर पाणी साचतं. बहुतेक नवशिक्यांची सिंकं इथंच परत येतात. जाळीचं भोक साडेतीन इंचाचं, कारण बाजारात मिळणारी जाळी त्या मापाची असते. दोघांना पाच दिवस. कल्हई नको, कारण यात ताक ठेवायचं नाही.

आणि मग गंमत. आपल्या घरी तांबं उजळ करायला चिंच लावतात. या गिऱ्हाइकाला उजळ नको. त्याला जुनं, तपकिरी, काळपट हवं. म्हणून औषध लावून तांबं मुद्दाम काळवंडायचं, वर मेण फासायचं, आणि सोबत कागद द्यायचा की लिंबू ठेवू नका, तारेच्या घासणीनं घासू नका, साबणाच्या पाण्यानं धुवून पुसा. आजीला हे सांगितलं तर ती हसून लोळायची बाकी राहिली. पैसेवाल्यांना काळं भांडं पाहिजे, आणि ते घासायचं नाही!

आपणच हे करतो असं नाही. मुरादाबादेतून अशी सिंकं परदेशी जातात, तिथंही ठोकणारे बहुतेक मुसलमान कारागीर. आणि मेक्सिकोत मिचोआकान प्रांतात सांता क्लारा देल कोब्रे नावाचं गावच तांब्यावर जगतं. तिथल्या पुरेपेचा लोकांना स्पेनवाले यायच्या आधीपासून तांबं वितळवता, ठोकता येत होतं. १५२२ साली स्पॅनिश लष्कर त्यांच्या मुलखात पोचलं, राज्य गेलं, हुन्नर राहिलं. आज तिथं जुन्या विजेच्या तारांचं भंगार वितळवून त्याची जाड भाकर ओततात आणि ती लालबुंद असताना चार-पाच गडी भोवती उभे राहून घण घालतात. एकामागून एक, कुणी कुणाच्या घणावर येत नाही. त्यातून हंडे होतात, आंघोळीची टपं होतात आणि सिंकं होतात, आणि ती बरीचशी अमेरिकेत जातात. दरवर्षी ऑगस्टमध्ये तांब्याची जत्रा भरते. आमच्या गड्याला मोबाईलवर त्यांचं काम दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ते उभ्यानं ठोकतात." आपल्याकडे तांबट मांडी घालून ठोकतो. दुसऱ्या आठवड्यात यानं ऐरण उंच खोडावर बसवली. पाठ वाचली म्हणतो.

भांडवलाचं विचाराल तर ती रडकथा वेगळी. तो एका कचेरीत कर्जाला गेला. तिथल्या साहेबानं कागद बघितला, याच्याकडं बघितलं आणि विचारलं, "तुमच्या घरी हा धंदा पूर्वीपासून आहे का?" नव्हता. कसा असेल? अर्ज तसाच पडला. १७ सप्टेंबर २०२३ ला केंद्र सरकारनं विश्वकर्मा योजना आणली, अठरा धंद्यांसाठी, आधी १ लाख आणि मग २ लाख कर्ज. यादी मी स्वतः वाचली. सोनार आहे, लोहार आहे, कुंभार आहे, चांभार आहे, न्हावी आहे, धोबी आहे. तांबट नाही. आणि उद्देशात लिहिलं आहे की गुरु-शिष्य परंपरा आणि कुटुंबात चालत आलेले हुन्नर बळकट करायचे. म्हणजे चांभाराच्या पोरानं चांभारकीच सुधारून करावी, त्याला व्याजात सूट. बापाच्या धंद्याबाहेर पाऊल टाकणाऱ्यासाठी तिथं ओळ नाही. त्याआधी ५ एप्रिल २०१६ ला स्टँड-अप इंडिया आली होती, आपल्या लोकांना आणि बायकांना १० लाखांपासून १ कोटीपर्यंत, नव्या धंद्याला. ती कागदावर आपल्यासाठी बरी होती. पण १० लाख कर्ज घ्यायला जो माणूस लागतो तो आमच्या शेडमध्ये नव्हता. याला दीड लाख पाहिजे होते. शेवटी बहिणीचं सोनं गहाण पडलं. लोखंडाचे दागिने घाला म्हणणाऱ्यांच्या देशात बहिणीकडं सोनं होतं, हे आपलं कमावलेलं.

आणि भाव? तांब्याचा भाव ना गडी ठरवतो, ना आर्किटेक्ट, ना तांबट आळी. तो लंडनच्या धातुबाजारात ठरतो. २०२१ च्या मे महिन्यात टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला. विजेच्या गाड्या, तारा, सगळ्यांना तांबं हवं. सिंकाची ऑर्डर घेतली त्या दिवशीचा पत्रा आणि प्रत्यक्ष आणायला जाऊ त्या दिवशीचा पत्रा यात मजुरी खलास होते. यावर त्यानं आता एक सोपा नियम केला आहे. ऑर्डरबरोबर पत्र्याचे पूर्ण पैसे आगाऊ, मजुरी माल नेताना. गिऱ्हाईक कुरकुरतं. हा म्हणतो, तांबं तुमचं, हात माझा, दोन्हीची बिलं वेगळी. बिलावर तो तसंच लिहितो, वर तांब्याचं वजन आणि त्या दिवसाचा भाव, खाली ठोकायचे दिवस. मी इतक्या वर्षांत गिरणीत पगाराची चिठ्ठी पाहिली, पण तिच्यावर मी किती सूत काढलं ते कधी लिहिलेलं नव्हतं.

एक गोष्ट राहिली. तांब्याच्या पृष्ठावर जंतू मरतात, हे आता शास्त्रानं सिद्ध आहे. २००८ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं तशी नोंदही केली. आपल्याकडे यावरून लगेच "बघा, पूर्वजांना सगळं ठाऊक होतं" म्हणणारे उभे राहतात. असेल ठाऊक. मग झानूच्या बायकांच्या डोक्यावरच्या भांड्यातले जंतू वेगळे होते काय?

सध्या शेडमध्ये दोन पोरं शिकतात. एक आपला, एक वडाराचा. तिसरी येते म्हणते, ती पोरगी आहे, बारावीची परीक्षा झाली की. शेजारच्या आळीतून ठोक्याचा त्रास होतो अशी तक्रार ग्रामपंचायतीत गेली आहे, म्हणून दुपारी एक ते चार काम बंद ठेवतात आणि तेवढ्यात कोपरे घासतात. सातवं सिंक चालू आहे, नागपूरला जायचं आहे, ३० इंची. तळाच्या उतारावर परवा रात्री आम्ही पाणी ओतून पाहिलं. एका कोपऱ्यात रुपयाएवढं थांबलं. त्यानं खडूनं खूण केली, पाणी पुसलं आणि पत्रा पुन्हा भट्टीवर घेतला.